आबा उठून गेले तेव्हा

मुखेड,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रीतम,

जयभीम. मंजुश्रीला आठवण सांग, आणि आमच्या इराला दोन्ही गालांवर पापे. इकडे सगळं ठीक. थंडीनं मायचा गुडघा कुरकुरतो. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात. माय त्या मिठात उकडते आणि दर वेळी तुझं नाव काढते.

फोनवर आबांचा विषय निघाला की तुला नेमकी मीटिंग लागते, म्हणून कागद घेतला. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी माझ्या कामाचं सांगते. एका फाउंडेशनच्या अनुदानावर आमची छोटी संस्था गावोगावी लहान लेकरांच्या आईबापांना एकत्र बसवते. लेकराशी बोला, गाणी म्हणा, वाटी-चमचा वाजवू द्या, असं काहीबाही. आया हौसेनं येतात. बाप मात्र दारात घुटमळायचे, आत आले तरी लेकराला हात लावायचे नाहीत. यंदाचं अनुदान खास बापांसाठी होतं, आणि बापच पुढे येत नव्हते. त्यात फाउंडेशनच्या भार्गवी मॅडम स्वतः बघायला येणार होत्या. हे काम बंद पडलं तर मी काय करणार, एवढंच डोक्यात.

मुक्रमाबादकडच्या एका गावात समाजमंदिरात कार्यक्रम होता. आबांना सोबत नेलं. एसटीची ड्रायव्हरकी सुटल्यापासून त्यांना घरात करमत नाही. गावातली म्हातारी मंडळी आधीच भिंतीला टेकून बसलेली. फळ्यावर ‘पालक सभा’ वाचून एकजण म्हणाला, “पालक वाटायलेत का मेथी?” सगळे हसले. तरणे बाप खांबांमागे. मी गाणं सुरू केलं, एकही हात पुढे आला नाही. मॅडम मागून बघत होत्या.

तेवढ्यात आबा उठले. “चला रं, चहाला.”

“आत्ताच पिला की.”

“आजून एक पिऊ. आपण हितं बसल्यावर पोरं लेकरं कशी घेतील? तुम्ही घेतलं व्हतं का बापासमोर?”

“न्हाई बा!” म्हातारे हसत, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि आबांमागून बाहेर गेले.

दार लोटलं गेलं. एका बापानं बायकोच्या मांडीवरून लेकरू उचललं. मग दुसऱ्यानं. एकजण तर चक्क घोडा झाला आणि पोरगी त्याचे कान धरून खिदळायला लागली. मॅडमही हसल्या.

मी मात्र दाराकडे बघत राहिले. दाराबाहेर जाणारी आबांची ती पाठ मी आधी पाहिली होती, इराच्या नामकरणाला, तुझ्या पुण्याच्या घरी.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिते. तू इराला मांडीवर घेऊन बसला होतास. आबा आत आले, तुला पाहिलं आणि तसेच मागं फिरले. तू पाहुण्यांसमोर म्हणालास, “पोरगी झाली म्हणून तोंड फिरवलं.” जिन्यात त्यांना ते ऐकू गेलं होतं. कार्यक्रम संपेपर्यंत ते खाली वॉचमनजवळ बसून राहिले. तेव्हापासून तू इकडे आला नाहीस.

परतीच्या एसटीत मी विचारलं, “आबा, पुण्यातही तुम्ही म्हणूनच मागं फिरलात?”

“मग? मी बसलो असतो तर त्यानं लेकरू खाली ठेवलं असतं. निवांत झोपली व्हती ती.”

“तसं सांगायचं त्याला.”

“पाव्हण्यांत त्याला खोटं पाडू का?” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी मायला सांगितलं तर ती हसायलाच लागली. “तुमचे आजोबा गल्लीच्या तोंडापासून खाकरत यायचे. खाकरणं ऐकू आलं की हे प्रीतमला माझ्याकडं द्यायचे. म्हातारं मुद्दाम हळू चालायचं!” मला ते खाकरणं आठवतं रे. मला वाटायचं, आजोबांना दमा आहे. तू तर शाळेपासूनच नांदेडला होस्टेलवर, तुला हे कुठून ठाऊक असणार?

भार्गवी मॅडम जाताना म्हणाल्या, “ताई, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी आजोबांची वेगळी बैठक ठेवू या, त्यासाठी अनुदान देऊ.” काम जमत नाही असं लिहून त्यांना हात झटकता आले असते. त्यांनी थांबून पाहिलं, विचारलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. संस्थेसाठी तर आहेतच, पण माझा बाप मला नीट दिसला तोही त्यांच्यामुळे. आबांना त्यांनी बैठकीला बोलावलंय. आबा म्हणतात, “येतो, पर भाषण न्हाई करणार.”

प्रीतम, मला मूल नाही हे आपण घरात कधी बोलत नाही. लोकांच्या लेकरांत माझे दिवस छान जातात. पण आपल्या घरात इरा एकच आहे. तिला घेऊन ये.

तू आलास की आबा पुन्हा उठतील, बघ. तेव्हा इराला खाली ठेवू नकोस आणि त्यांना जाऊही देऊ नकोस. नुसतं “बसा आबा” म्हण. नातीला घ्यायला आजोबांना कुणाची आडकाठी नसते, पण लेकाच्या मांडीवरून मागून घेणं त्यांना जमायचं नाही. तेवढं तूच दे.

हे पत्र पोस्टात टाकायला आबांकडेच देतेय. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. पाकिटावर तुझं नाव वाचलं आणि स्वेटर चढवून दारात उभे राहिलेत, म्हणून इथेच थांबते.

तुम्हा तिघांची वाट बघणारी,
तुझी आक्का
बुद्धप्रिया