पडद्यावरची विहीर

३ मार्च १९८६, लोहारा

उस्मानाबादचं आठ दिवसांचं शिबिर उरकून शाळेत हजर. कॉम्प्युटर माझ्या आधीच पोचलाय. हेडमास्तरांनी (इथून पुढं हे.मा.) नारळ फोडला, त्याला जोडलेल्या टीव्हीला कुंकू लावलं. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, ते मी पदरानं टिपलं. खोलीबाहेर चपला काढायच्या, असा फतवा निघालाय. "बनसोडेबाई, तुम्ही शिकून आलात, आता तुम्हीच सांभाळा." शिकून काय, डोंबल! शिबिरात माणसं ढीगभर आणि यंत्र एक. माझ्या वाट्याला एकदाच आलं. पण तेवढ्यात पडद्यावरचा एक ठिपका मी हलवला. माझ्या बोटानं, डावीकडून उजवीकडं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

११ मार्च

एप्रिलअखेर जिल्ह्याचे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हणे. वापर दिसला नाही तर यंत्र दुसऱ्या शाळेला. म्हणजे माझ्याकडं दीड महिना. पोरांना बेरजा दाखवू? बेरजा त्यांना बोटांवर येतात. खेळ करायचा. कसा करतात, देव जाणे. पुस्तक इंग्रजीत, शेजारी डिक्शनरी.

१७ मार्च

आमच्या वस्तीवर टँकर आलता. विहिरीत पाणी ओतून गेला आणि सगळ्या बाया दोर-घागरी घेऊन पळाल्या. मी कठड्याशी बघत उभी. आईच्या शिव्या खाल्ल्या. "शेंदायचं सोडून बघायलीस काय!" पण मला खेळ सापडला ना! विहीर, बाई, घागर. पाणी आटायच्या आत घागरी घरी न्यायच्या. वाटेत दगड. अडखळली की सांडलं.

२२ मार्च

आलेखाच्या वहीत बाई काढतेय. आठ घरं आडवी, आठ उभी, एवढ्यात अख्खी बाई बसवायची. घागर बसली, पदराला जागा उरेना. जीपमधून येताना शेतंसुद्धा चौकोन-चौकोन दिसली. वाटलं, एकेक पेटवावा, एकेक विझवावा. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "मास्तरीणबाई, मनाशीच काय हसायलाव?" काय सांगणार, कप्पाळ!

२९ मार्च

बाई चालली!! चालत पडद्याच्या कडेला गेली ती परत येईना. कुठं गेलीस गं बये, माहेरी? तासभर शोधलं. सापडली आणि लाइट गेली. सगळं पुसलं. कॅसेटवर उतरवून ठेवायचं राहिलं होतं. बाकावर डोकं ठेवून रडले, खरंच. मग लाइट आली, तेव्हा वहीत उतरवलेला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप केला.

८ एप्रिल

खेळ चालतो. टीव्ही काळा-पांढरा, पण मला पाणी निळंच दिसतं. बाई घागर घेऊन निघते आणि घरी पोचेपर्यंत मी श्वास धरून. नववीच्या पोरी म्हणाल्या, "बाई, लई सोपंय, लगेच जिंकतोय आम्ही." खरंय. काहीतरी कमी आहे. काय ते कळेना.

१४ एप्रिल

जयंती. सुट्टी. मिरवणूक संध्याकाळी, म्हणून सकाळीच आईला शाळेत नेलं. पांढरं लुगडं नेसून कॉम्प्युटरपुढं बसली. कुठलं बटण कशाचं, ते दाखवलं. तिनं बाईला बरोबर विहिरीपाशी नेलं आणि थांबली.

"शेंद की आता. हे बटण."

"व्हय." पण दाबेना. पडद्यावरचं पाणी आटत चाललेलं. समजलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं. तर म्हणते, "वाढील की कुणीतरी." मग हळूच, "विहीर कुणाची हाय ही?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. तिच्या लहानपणी आमच्या बायांनी गावच्या विहिरीपासून लांब थांबायचं, वरच्या कुणी पाणी वाढलं तर घागर भरायची. ऐकून ठाऊक होतं. पण ते माझ्या आठ घरांच्या बाईपर्यंत येईल, असं वाटलं नव्हतं.

"कुणाची न्हाय गं. मीच काढलीय."

"तू? मग आधी सांगायचं न्हाय का! मघापासून ताटकळत उभी हाय मी." आणि असं बटण दाबलं की टेबल हललं. चार घागरी नेल्या. वर मलाच शहाणपण, "भरल्या घागरीनं कुणी एवढं पळतंय व्हय? पाय जड कर तिचे." लई राग आला आज. कुणाकुणाचा, ते लिहीत नाही. रडूही आलं. उद्या पाय जड करणार.

२८ एप्रिल

साहेब आले. 'खेळ' हा शब्द काढायचा नाही, हे.मा.नी बजावलं होतं. मी काढला. साहेब म्हणाले, "शाळेत खेळ? आणि दुष्काळात पाण्याचा?" नववीच्या पोरीनं खेळून दाखवलं. मग साहेबांनीच खुर्ची ओढली. तीनदा सांडलं, चौथ्यांदा घागर घरी. हसले मात्र नाहीत. वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी मान लांब केली तर हात आडवा. "कळवतो," म्हणाले आणि गेले. हे.मा. खुश: "खेळले म्हणजे झालं काम!" माझा जीव टांगणीला.

६ मे

शाळेला सुट्टी. पत्र आलंय. हे.मा. पुतणीच्या लग्नाला गेलेत, आठवडाभर नाहीत. शिपायानं पाकीट माझ्या हातात दिलं, "तुमीच ठिवा, बाई." साहेबांच्या कचेरीचं, हे.मा.च्या नावचं. मी फोडणार नाही. उन्हाला धरून बघितलं, कागद जाड, काही दिसेना.

यंत्र नेलं तरी कॅसेट माझ्याकडं राहील. पण लावायची कशात? घरच्या टेपला लावून बघितली, नुसतं किर्र्र. त्या किर्र्रमध्ये विहीर आहे, बाई आहे, हे कुणाला पटवू? मला हे यंत्र इथं हवंय. आयुष्यात दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं, ही नोकरीसुद्धा.

पाकीट कपाटात ठेवलं, खोली उघडली. लाइट आहे. विहिरीला पायऱ्या करायला घेतल्यात, म्हणजे बाईला आत उतरता येईल. सहा झाल्या. खाली काय असेल, ते अजून ठरवलेलं नाही.