नवऱ्याच्या नावाचा रकाना

ठाणे, ता. ११ जानेवारी १८९९

प्रिय कलावती,

तू दवाखाना सोडून कल्याणला भावाकडे गेलीस त्याला सात महिने झाले. सोडून गेलीस हे लोकांना सांगायचे. मी तुला काढले, हे आपण दोघी जाणतो. मधल्या काळात पत्र घातले नाही, कारण विचारण्यासारखे काही नव्हते. आता आहे. आपल्या दवाखान्यात कोणत्या बाईला आत घ्यायचे आणि कोणत्या नाही, याचा निकाल येत्या आठवड्यात लागणार आहे. पण आधी इकडची हकीकत.

बायकांच्या वॉर्डात सहा खाटा वाढल्या. डॉक्टरीणबाईंना खोकला आहे, तरी सुटी घेत नाहीत. नोंदणीच्या खिडकीवर तुझ्या जागी गुणाजी शिपायाला बसवले. अक्षर चांगले, तोंड वाईट. येणारी प्रत्येक बाई स्वतःचे नाव, गाव, वय सांगते आणि नवऱ्याच्या नावाशी येऊन अडते. मग हा ओरडतो, "अगं, सांग की नाव! तोंडात सुपारी धरलीस का?" बाया पदर तोंडाशी नेऊन हसतात, पण नाव येत नाही. सासू बरोबर असली तर ती सांगते. नसली तर बाई परत.

हा नियम माझा, आणि तो मी उगीच केलेला नव्हता. पहिल्याच वर्षी एक बाई आपल्याकडे वारली आणि कळवायचे कोणाला ते दोन दिवस समजले नाही. तेव्हापासून त्या रकान्यात नवऱ्याचे नाव हवेच, आणि तेही उघड उच्चारलेले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला वर्गात उभे करून नवऱ्याचे नाव घ्यायला लावले होते. मी घेतले. जीभ झडली नाही. जे मला जमले ते कोणालाही जमावे, असे माझे मत होते.

तू मात्र खुणेवरून नावे लिहायचीस. तीन डोळ्यांचा म्हटले की त्र्यंबक. मग ती माजिवड्याची बाळंतीण "विटेवरचा" म्हणाली, तू विठ्ठल लिहिलेस आणि तिचा नवरा निघाला पांडुरंग. निरोप गेला गावातल्या भलत्याच विठ्ठलाकडे. तो धापा टाकत आला आणि व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, "माझी बायको घरी भाकऱ्या थापतेय, मग इथं बाळंत झाली ती कोण?" सगळा वॉर्ड हसला. मी हसले नाही. खोटी नोंद केली म्हणून त्याच दिवशी तुला काढले.

गेल्या महिन्यात कळव्याकडच्या मिठागरावरची हौसा नावाची पहिलटकरीण आली. कळा आदल्या दिवसापासून चालू. बरोबर फक्त धाकटी जाऊ, आणि थोरल्या दिराचे नाव जाऊही घेत नाही, हे तुला सांगायला नको. हौसा खिडकीशी वाकून म्हणाली, "पाच पांडवांतला धाकला, दादा." गुणाजी म्हणाला, "धाकटा दीर कोणाला हवाय? नवरा सांग, नवरा!" मागच्या बाया हसल्या. तिने दोनदा तेच सांगितले. मग दोघी चिंचेखाली बसल्या आणि ऊन चढल्यावर उठून चालू लागल्या. खाडीच्या धक्क्यावर होडीची वाट पाहताना ती गेली. मूलही गेले.

तिच्या नवऱ्याने कलेक्टरसाहेबांकडे अर्ज केला. गुणाजीने वहीत "बाई स्वखुशीने परत गेली" असे लिहून ठेवले आहे. कमिटीतले दोघे मला येऊन सांगून गेले, "बाई, एवढ्यावर सही करा, प्रकरण मिटेल. शिपायाला कोडे सुटले नाही, त्यात तुमचा काय दोष?"

मी सही केली नाही. त्या सकाळी मी आतल्या टेबलाशी बसले होते आणि दार उघडे होते. सहदेव हे नाव मला ऐकताक्षणी कळले होते. एकीसाठी नियम मोडला तर उद्या सगळ्या मागतील, एवढाच विचार केला आणि पुढचा कागद ओढला. कमिटीला मी हेच लिहून दिले आहे, राजीनाम्यासह. त्या रकान्यावर काट मारली. जाण्याआधी तेवढा अधिकार माझ्या हातात होता. बाईचे स्वतःचे नाव, गाव आणि बरोबरच्या माणसाची ओळख एवढे पुरे, असा लेखी हुकूम ठेवला आहे. पण हुकूम माणसावर टिकतो. माझ्या जागेसाठी कमिटीपुढे दोन नावे आहेत आणि ते दोघेही हा रकाना पहिल्याच दिवशी पुन्हा उघडतील. तिसरे नाव मी घातले, ते तुझे. कमिटी पुढच्या बुधवारी बसणार. त्याआधी तुझी लेखी संमती हवी, म्हणून हे पत्र. होकार असेल तर उलट टपाली दोन ओळी पाठव. नकार असेल तर कारण लिहू नकोस. ते मला माहीत आहे.

तसे म्हणण्याचा हक्क उरला असेल तर, तुझीच
सुमती