शामकलाचं वजन

१२ जून १९३८
नागपूरहून परतलो. बायकोच्या, शामकलाच्या, डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ. लेडी डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सर दिसतो, पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घ्या. मी विचारलं, हिलाच का? त्या म्हणाल्या, पाळी लवकर आली, उशिरा गेली, मूल झालं नाही आणि उतारवयात अंग सुटलं, अशा बायकांत हा रोग जास्त दिसतो.

मूल का झालं नाही, हेही त्यांनी विचारलं. वीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरने मलाच तपासायची गोष्ट काढली होती, तेव्हा मी उठून आलो होतो. या वेळी छताकडे पाहिलं. शामकला माझ्याकडे पाहत होती.

असो. चार कारणं. तीन आता कोणाच्याच हातात नाहीत. चौथं माझ्या हातात आहे. कारण काढलं की रोग आपोआप जातो. ऑपरेशन कायले?

१३ जून
तीस वर्षं गिरणीत धान तोलतो. माझ्या काट्याने कोणाला फसवलं नाही. सुटी झाल्यावर शामकलाला पोत्यांच्या काट्यावर उभी केली. दोन मण आठ शेर. हमाल हसले, दम दिला. तिला आजपासून भात, तूप, गूळ बंद. अर्धी भाकर आणि ताक. दीड मणावर, म्हणजे साठ शेरांवर, आली की गाठ उपाशी मरेल.

३ जुलै
दोन मण पाच. ऑपरेशनची मुदत गेली. जाऊ दे. तूप वाया जाऊ नये म्हणून मीच खातो आहे.

२५ ऑगस्ट, पोळा
दोन मण. सणाचं गोडधोड तिला दिलं नाही. तिने मागितलंही नाही. याला म्हणतात कंट्रोल.
गाठ लिंबाएवढी झालीय असं ती म्हणते. झाली नाही, दिसू लागली. तळ्याचं पाणी उतरलं की खडक दिसतोच. भोवतालची चरबी उतरली, दुसरं काही नाही.

२ नोव्हेंबर
एक मण बत्तीस. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा पाहायला गेलो. ओळखीच्या बायकांनी शामकलाला ओळखलंच नाही. मला अभिमान वाटला.
तिची धाकटी बहीण नंदाबाई भेटली. म्हणे, भाऊजी, बाईले कायले उपाशी मारून राहिले? दवाखान्यात काऊन नाही नेत? मी वही काढून आकडे दाखवले. तिला वाचता येत नाही, त्याला मी काय करणार?

९ डिसेंबर
एक मण एकवीस. आता अर्धी भाकरही टाकून देते. शरीराला वळण लागलं. पाठ दुखते म्हणते. एवढं ओझं उतरल्यावर पाठ हलकी व्हायला हवी. थंडीने असेल.

१५ जानेवारी १९३९
एक मण तेरा. दीड मण केव्हाच मागे पडला. काट्यावर चढता येईना, म्हणून उचलून ठेवली. सहज उचलली गेली.
नंदाबाई घरी येऊन बसली आहे. बाईले नागपूरला नेल्याशिवाय हलत नाही म्हणते. नेतो. डॉक्टरांना प्रोग्रेस दाखवायचाच आहे.

१८ जानेवारी
डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. म्हणाल्या, हे वजन तुम्ही नाही उतरवलं, रोगाने उतरवलं. ती कारणं गाठ येण्याआधीची होती. आल्यावर ती कापायचीच होती. जूनमध्ये जमलं असतं. आता पाठीच्या हाडात गेलंय.
मी ऑपरेशनची तारीख मागितली. नाही म्हणाल्या. मग डाएट विचारला. म्हणाल्या, आता ती जे मागेल ते द्या.

१९ जानेवारी
शामकलाने भात मागितला. मीच शिजवला, मऊ, वर तूप. दोन घास गेले. तिसरा बाहेर आला.
रागावली नाही. एवढंच विचारलं, द्यायचाच होता तर सात महिने काऊन नाही दिला? मी म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी. ती म्हणाली, ऑपरेशनची भीती तिला नव्हती, मला होती. तिला हे जूनमध्येच कळलं होतं. चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून ती काट्यावर चढत राहिली.
मी नाही म्हणालो नाही.