एकच केस, भाऊ आणि बहीण

५ फेब्रु.
प्रबंधाचा विषय पास! ‘बायका गुन्हे कमी का करतात?’ गाईड मॅडमनी आधीच दम दिला, "बायका मुळातच सोशिक, असलं लिहिलंस तर फाडून टाकेन. उत्तर समाजात शोध."
घरात शिरतेय तर आई, "कुठे होतीस? कोणाबरोबर?" मागून दादा आला. त्याला फक्त, "जेवणार ना?" अगं आई, हाच तर माझा पहिला मुद्दा! मुलींवर पहारा, म्हणून वाकड्या वाटेला जायची संधीच कमी. जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "मग पहारा बराच की."

११ फेब्रु.
सुटलेल्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतून सुगंधाताई भेटल्या. जासईकडच्या. त्यांचा भाऊ बंदराच्या यार्डात कंटेनर फोडायचा, ह्या स्कूटीवरून माल बाहेर काढायच्या. "बाईची गारी कोन थांबवतंय?" खळखळून हसल्या. म्हणजे बायकांचे काही गुन्हे दिसतच नाहीत? पकडले मात्र दोघं. शिक्षाही सारखीच.
हात दुखेपर्यंत लिहिलं. काय बाई आहे!

१८ फेब्रु.
आज विचारलं, सुटल्यावर काय झालं? ताई म्हणाल्या, "भाव आला त गावानं नारल फोरला. आता जत्रंच्या कमिटीत हाय. मी आली त आयशीनं दार लावला. बोलली, बाईची जात आन..." तेव्हापासून सानपाड्यात खोली घेऊन एकट्या.
म्हणजे भावाने फक्त कायदा मोडला. ताईंनी कायदा मोडला, शिवाय बाईपणही. दोन गुन्हे! लगेच मॅडमना फोन. म्हणाल्या, "हेच लिही."

२ मार्च
ताईंचा फोन. "परवा जत्रा हाय. आयशीला बगायचाय. येशील बरोबर?" आईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता बोंबाबोंब. पण म्हणते, "एकटी नको. मी पण येते." आई!!!

४ मार्च
गेलो तिघी. ताई सरळ त्यांच्या घराच्या ओटीवर. भाऊ गुलालाने माखलेला, पाहुण्यांना पाणी देत होता. ताई म्हणाल्या, "चोरी दोगांची. मंग मना एकटीलाच का भायेर ठेवलाव?" भाऊ पुढच्या पाहुण्याला पाणी द्यायला वळला. आईने माझा दंड गच्च धरलेला.
आतून म्हातारी आली. ताईंकडे बघितलंच नाही. मुलाला म्हणाली,
"तिला ईचार, जेवलीस काय."