बाबांच्या वयाची जमीन

देवळी (जि. वर्धा)
६ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे फोटो पोचले. फायाल बेट नकाशात शोधायला भिंग घ्यावं लागलं. अटलांटिकच्या मधोमध माशी बसावी तेवढं दिसतं. तू ज्वालामुखीबद्दल लिहिलेलं मी विहारातल्या पोरांपैकी अश्विनकडून सगळ्यांसमोर वाचून घेतलं. त्या काळ्या टेकडीच्या फोटोचा मोठा फ्लेक्सही लावला. आनंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, ही गिट्टीची खदान कोणत्या गावची म्हणून.

आता तक्रार. एकाही फोटोत माणूस नाही! फेलोशिप घेऊन एवढ्या दूर जायचं आणि लाटा, दगड, राख टिपत बसायचं? त्या बेटावर कोणी राबत नाही? कोणी उपाशी राहिलं नाही? कोणाला गाव सोडावं लागलं नाही? माणसाला वगळून निसर्ग पाहणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं मी जन्मभर सांगत आलो आणि माझ्याच घरातून हे निघालं. उत्तर दे. युक्तिवादाने दे.

फोन करू नकोस. भादव्याच्या हवेने घसा बसला आहे. १४ ऑक्टोबरच्या, दीक्षेच्या दिवसाच्या भाषणासाठी तो राखून ठेवतो आहे. म्हणून ही पानं लिहून त्यांचा फोटो तुला धाडतो.

लोभ तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुझा बाबा,
बापूराव

*

फायाल
१० सप्टेंबर २०२५

ती. बाबांस पौर्णिमाचा सप्रेम जयभीम.

युक्तिवाद घ्या. १९५७च्या सप्टेंबरात या किनाऱ्यासमोरचा समुद्र उकळू लागला. तेरा महिने राख पडत होती. घरं बुजली, शेतं बुजली आणि हजारो माणसं बेट सोडून अमेरिकेला गेली. दीपगृहाचा खालचा मजला अजून राखेत आहे. माझ्या फोटोत माणूस नाही, कारण त्याला इथून जावं लागलं. तो नसणं हाच माझा विषय आहे.

आणि तुम्हीही सत्तावन्नचेच. म्हणजे त्या वेळी समुद्रातून वर आलेली ही जमीन तुमच्या वयाची. तिच्यातली बरीचशी लाटांनी परत नेली आहे. मी ओहोटीला खाली उतरते, दर वेळी त्याच खडकावर ट्रायपॉड लावते आणि तीच कड टिपते. फोटो शेजारी शेजारी ठेवले की कड किती झिजली ते दिसतं. वारा असा की खाऱ्या पाण्याचे थेंब सतत भिंगावर. एक फोटो काढायचा, चार वेळा पुसायचं.

घरमालकीण दोना ग्रासा सत्तरीची आहे. माशाचं सूप छान करते, पण तिखट म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मी ठेचा दिला. ती सरळ दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

एक विचारते. भादवा महिनाभराचा असतो. तुमचा आवाज मी जूनपासून ऐकलेला नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, बाबाले विचार. म्हणून विचारते आहे.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
पौर्णिमा

*

देवळी
१७ सप्टेंबर

चि. पौर्णिमाले आईचा आशीर्वाद.

तुह्या बाबानं तुले सांगू नको म्हनलं, म्हनून सांगून राह्यली. नाईतर तुले कोन सांगते?

घसा बसला नाई. गळ्यात गाठ आहे, कॅन्सरची. सेवाग्रामच्या डॉक्टरनं तपासून सांगतलं का स्वरपेटी पुरी काढा लागते. काढली तं मानूस वाचते, पन आवाज राह्यत नाई. याच महिन्यात करा म्हनतेत. तुहा बाबा म्हनते चौदा तारखेचं भाषन झाल्यावर पाहू. मले त्या 'पाहू'चा भरोसा नाई. गाठ भाषनासाठी थांबते काय?

मी लय भांडली. त्यायनं एकच म्हनलं, "आवाज काढून घेतल्यावर बापूराव म्हनून काय उरते?" तू शिकलेली आहेस, याचं उत्तर तू दे.

जेवत जाजो. थंडीत कान बांधजो.

तुही माय

*

फायाल
२० सप्टेंबर २०२५

ती. बाबांस जयभीम.

आईवर रागावू नका. तिने सांगितलं ते बरं केलं.

परवाची गोष्ट. कित्येक दिवस ढगच होते. संध्याकाळी ते फाटले आणि राखेचा अख्खा कडा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला. मी याच उजेडासाठी इथे आले होते. कॅमेरा लावला तोवर भरती चढू लागली होती. मला अजून एक फोटो हवा होता, फक्त एक. वरून दोना ग्रासा हात हलवून ओरडत होती. मी ट्रायपॉड उचलला आणि वर चढले. मी उभी होते त्या खडकावरून लगेच लाट गेली. वर येऊन मी त्या फोटोसाठी पोरीसारखी रडले.

बाबा, तो फोटो माझ्याकडे नाही. मी आहे. भाषण राहू द्या.

काय उरतं, असं विचारलंत म्हणे. पेपरातल्या अग्रलेखाशी लाल पेन्सिलीने भांडणारा माणूस उरतो. आईने डाळीत मीठ कमी टाकलं तर मुकाट्याने जेवणारा उरतो. संत्र्याच्या फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढून मग ती माझ्या हातावर ठेवणारा उरतो. मला तोच हवा आहे. त्याला आवाज लागत नाही.

तिकीट बघते आहे. तुमच्या मायेची आजवर कधी मागणी केली नाही, आज करते.

तुमची,
पौर्णिमा

*

देवळी
२४ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद.

दृष्टान्त द्यायचा आणि समोरच्याला पळायला वाट ठेवायची नाही, ही माझी रीत. ती तू माझ्यावरच वापरलीस. आईची फितुरी आणि तुझा दृष्टान्त, दोघींनी मिळून मला पाडलं.

आवाज हेच माझं वावर होतं. त्यात मी पाणवठ्याचा हक्क पेरला, शाळा पेरली, माणसाने माणसासमोर वाकू नये हे पेरलं. ते वावर सोडताना जीव तुटतो. पण सोडतो. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. चौदा तारखेचं भाषण लिहून अश्विनकडे दिलं आहे. तो वाचेल. जिथे थांबायचं तिथे थांबणार नाही, हे गृहीत धरलं आहे.

तू येऊ नकोस. आलीस तर मला धीर देत बसशील. काम अर्धं टाकून माझ्या उशाशी कोणी बसलेलं मला चालणार नाही. समुद्र ती कड तुझ्यासाठी थांबवून ठेवणार नाही.

भीती वाटते. हे मला लिहिता आलं, बोलता आलं नसतं.

माणूस नसलेल्या फोटोंचा तुझा मुद्दा मान्य. तेवढाच.

माया मागायची नसते. ती तुझ्या नावावर चढलेली आहे.

बाबा

*

सेवाग्राम, दवाखाना
३ ऑक्टोबर

चि. पौर्णिमाले आशीर्वाद.

ऑपरेशन बरं झालं. गाठ पुरी निघाली म्हनतेत. नाकातून नळी आहे, तरी पाटीवर 'चहा' लिहून मांगून राह्यले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, विहारातले लोक दवाखान्यात माइक घेऊन आल्ते. शेवटचं भाषन भरून ठेवू म्हने. त्यायनं हात जोडून सगळ्यायले घरी धाडलं. मंग माह्याशी बोलत बसले. हळू, घोगऱ्या आवाजानं. मोठं काई नाई. वालाचा वेल कुठं चढवाचा, कमलाबाईच्या कोंबड्या आपल्या वाफ्यात कशा येतेत, तू लहानपनी बसमंदी झोपून देवळीच्या पुढं कशी गेलती. नर्स दोनदा बोलू नका म्हनून गेली.

तुले माहीत आहे, आपल्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाई. तुह्या बाबानं बायांच्या हक्कावर गावोगाव भाषनं देल्ली, पन मले आजवर 'अवो'च म्हनलं. मंगळवारी सकाळी त्यायले आत नेऊन राह्यले होते. दारापाशी त्यायनं हात वर केला, स्ट्रेचर थांबवलं. मले वाटलं, आता इथंबी भाषन होते. माह्याकडं पाहून म्हनले,

"सुलोचना."

बस. पुढं काई नाई. दार लागलं.

मी इतकी घाबरली होती का ओ द्याचं राहूनच गेलं. काल त्यायनं पुरे डोळे उघडले, तवा पयले तेच केलं. ओ देल्ली.

माया आहेच, ती लिहा लागत नाई.

तुही माय,
सुलोचना