आरशाकडे पाठ

रविवार, संध्याकाळ. शिरूर.

दोन महिने तालीम, आणि काल डान्स क्लासच्या कार्यक्रमात माझ्या पोरींना नाचायला मिळाली जेमतेम दोन मिनिटं! पाहुण्यांचे सत्कार संपता संपेनात. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, वर प्रत्येकाचे दोन शब्द. शेवटी गाणं निम्म्यावर तोडावं लागलं. पुढच्या वर्षी कार्यक्रम नकोच, वर्गात शिकवते तेवढं पुरे, असं ठरवूनच घरी आले.

पण अल्फिया... वडगाव रासाईची ही पोर वर्गात कायम आरशात शेजारणीचे पाय बघणार आणि तसेच टाकणार. स्टेजवर आरसा नसतो, हे शिकवताना मीच विसरले होते. काल गाणं सुरू झालं आणि ती क्षणभर नुसतीच उभी राहिली. मग तिनं हात उचलला, अगदी सावकाश, पाण्यातून वर यावा तसा.

खाली उतरल्यावर विचारलं, "घाबरलीस का गं?"

"न्हाई मॅडम. समोर नुसता उजेड व्हता. कुणीच दिसंना. लई बरं वाटलं."

तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दोन मिनिटांसाठी दोन महिने जास्त झाले, की कमीच पडले?

आज क्लास उघडला, तर तीच सगळ्यांच्या आधी हजर. मी शेजारून चहा घेऊन परत आले तेव्हा ती आरशाकडे पाठ करून, डोळे मिटून एकटीच नाचत होती. पुन्हा तोच हात. गाणं लावलेलं नव्हतं. मी दारातच थांबले.

काल जिथं तोडलं होतं, तिथून पुढचं नाचत होती ती.