अंधेरीच्या शोरूममधलं गाऱ्हाणं

मुलुंड पूर्व,
रविवार दुपार

तीर्थरूप लवूभावजींना,

मुलुंडहून शुभाचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायला. खरंच वाकले तर डोकं फ्रिजवर आपटतं, इतकं हे भाड्याचं घर मोठं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला गावी तेल पाठवलं होतं, ते गुडघ्याला लावता की देवळात नेऊन चार माणसांना बाटली दाखवता? जानकीवहिनींनाही नमस्कार सांगा. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुमचे धाकटे बंधू तर जरा जास्तच बरे आहेत, आणि हे पत्र त्याचसाठी आहे.

तुम्ही म्हणाल, हिला आता पत्र लिहायचं काय सुचलं, फोन मोडला काय? फोन धडधाकट आहे, पण फोन करायला माणूस एकटं लागतं ना! हे बँकेतून रिटायर झाल्यापासून मी एकटी अशी राहिलेच नाही. फोन उचलला की विचारतात, कोण आहे? नाव सांगितलं की म्हणतात, स्पीकरवर टाक. बाथरूममध्ये जाऊन बोलावं तर तिथे रेंज नाही. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं आणि समोर बसून लिहितेय. यांना वाटतंय, मी वाढीव वीजबिलाचा अर्ज करतेय. दोनदा विचारून झालं, "कडक लिहिलंस ना?" मी म्हटलं, एकदम कडक.

तर आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी उभी राहिली हे तुम्हाला ठाऊक आहे. आता आतली कामं चाललीत. गेल्या महिन्यात बिल्डरच्या ऑफिसातून निरोप आला, की किचनचा ओटा कुठल्या दगडाचा करायचा ते येऊन सांगा. आम्ही दोघं गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, चॉइस काय? आणि बघितलं कुणाकडे, तर यांच्याकडे! यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, स्टडी करावा लागेल. भावजी, या माणसाचा आणि ओट्याचा आजवरचा संबंध एवढाच, की पाणी पिऊन झालं की ग्लास तिथे नेऊन ठेवायचा. तोही उष्टा.

मी त्या मुलीला तिथल्या तिथे सांगून टाकलं, दगड मी निवडणार. मला भांडायची हौस नाही हो. पण आठवून बघा. लालबागच्या खोलीत ओटा होता तो मामंजींनी मिलमधून सुटल्यावर स्वतःच्या हाताने ठोकलेला, दोन फळ्या आणि वर पत्रा. त्याला नावं ठेवायची कुणाची टाप? पोळपाट ठेवला की तो नाचायचा आणि मी त्याच्याबरोबर. पुढे मुलुंडला आलो, तिथे बिल्डरने कडप्पा घालून ठेवलेला. त्याचा उतार सिंककडे असायला हवा, तो होता गॅसकडे. घर पाडेपर्यंत मी शेगडीच्या पायाशी फडकं कोंबून स्वयंपाक केला. लग्न झाल्यापासून ओट्यापाशी उभी आहे मी, आणि एकाही माणसाने विचारलं नाही, की बाई गं, तुला कुठला हवा? यांच्या बँकेतल्या टेबलावर काच होती. काचेखाली फोटो होता. (माझा नव्हे, गणपतीचा.) ती काच जाड हवी की पातळ हे सांगायला मी कधी ब्रँचमध्ये गेले होते का? मग?

निवडायलाही मला वेळ लागला नाही. घाटकोपरला एका दगडवाल्याच्या वखारीत मी भाजी आणायला म्हणून एकटीच जाऊन आले. काळा ग्रॅनाइट होता. आरशासारखा चकचकीत असतो तो नव्हे. हा जरा खरखरीत, लेदर फिनिश म्हणतात त्याला. मी हात ठेवला आणि उचलावासाच वाटेना. उभ्या उभ्या मनातल्या मनात त्याच्यावर कणीक मळली, बांगडे साफ केले, गरम तवा टेकवला. बरं वाटलं भावजी, खरंच सांगते, खूप बरं वाटलं. वखारवाल्याला वाटलं बाईला चक्कर आली, त्याने स्टूल दिलं. बाईला दगड आवडला, बाईने तो घ्यावा, विषय संपला ना?

कसला संपतोय. कारण यांना पांढरा हवा! पवईला निलेशकडे ओट्याला पांढरा क्वार्ट्झ आहे, तो यांच्या डोळ्यांत भरलाय. दिसतो छान, मी नाही म्हणत नाही. पण लेकाच्या घरी गेले की मी त्या ओट्यापासून हातभर लांब उभी राहते. मागे एकदा तिथे सोलकढी केली, कोकमाच्या आगळाच्या बाटलीचा बुडाचा गोल उमटला. मी तो दुपारभर घासत बसले. सूनबाई, आपली अक्षता, गुणाची पोर, एवढंच म्हणाली, असू दे हो आई. त्या 'असू दे'ने माझं जेवण गेलं. ती दोघं बिचारी ऑफिसातून येऊन डबे गरम करून खातात, त्यांना पांढरा परवडतो. आमच्याकडे रोज हळद, रोज मासळी, रोज ओल्या खोबऱ्याचं वाटप. यांना हे सांगितलं तर म्हणतात, पांढऱ्याने उजेड पडतो. मी म्हटलं, उजेडासाठी बल्ब असतात. मग यांचा तो स्टडी सुरू झाला. सकाळी चहापासून मोबाइलवर दगडांचे व्हिडिओ. कुठला किती कठीण, कुठला किती पाणी पितो, सगळं पाठ. मला डाळ कुठल्या डब्यात असते ते विचारतात, आणि दगडाबद्दल मला शिकवतात!

शेवटी मी म्हटलं, चला, अंधेरीला ते मोठं शोरूम आहे ना, तिथेच जाऊन तुमच्या पांढऱ्याची परीक्षा घेऊ. नापास झाला की गप्प बसायचं. हे तयार झाले. नवे स्पोर्ट्स शूज घातले (निलेशने वाढदिवसाला दिलेत, झोपताना तेवढे काढतात). मी पिशवीत हळद, तेल, आगळ आणि एक नारळ घेतला. शोरूम म्हणजे काय विचारता, एसी असा की दात वाजावेत. टाय लावलेला चंद्रप्रकाश नावाचा सेल्समन होता, आंटी आंटी करत मागे. म्हणाला, काहीही करा, काही होणार नाही, फुल गॅरंटी. असं मालवणी बाईला सांगू नये. मी नमुन्याच्या पांढऱ्या तुकड्यावर तेलात कालवलेली हळद थापली आणि त्याने मागवलेला चहा सावकाश पिऊन टाकला. पुसलं तर काय, दगडाला कावीळ! चंद्रप्रकाशने कुठलंसं औषध आणून घासलं, तेव्हा पिवळ्याचा फिकट लिंबू रंग झाला. मी यांच्याकडे बघितलं. यांनी छताकडे बघितलं. मी जिंकले होते भावजी, तिथेच घरी निघाले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण मला हाव सुटली. चंद्रप्रकाश चिडून म्हणाला, डागाचं सोडा, मजबुती बघा, तो मांडलेला ओटा आहे ना, त्यावर दगड आपटा. मी म्हटलं, दगड कशाला, आमच्या घरात ओट्याच्या कडेवर रोज नारळ फुटतो, तो फोडून बघते. आणि पिशवीतून नारळ काढला. तशी यांनी तो माझ्या हातातून घेतला. बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही ना! वाटणाचा असला तर रोज मी फोडते, कुणी आडवं येत नाही. पण चार माणसं बघतायत म्हटल्यावर यांना एकदम रीतभात आठवली.

आणि पुढे जे झालं त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणावा! आपल्या माणसाच्या हातात नारळ आला आणि चार जण भोवती उभे राहिले, की तोंड आपोआप सुरू होतं. यांनी ओट्यावर नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि सगळं शोरूम दणाणेल अशा आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्या अंधेरीच्या जाग्यार तुझी लेकरा जो काय ह्यो नारळ ठेवतत, तो मान्य करून घे रे म्हाराजा! ह्यो पांढरो फातर आमच्या घराक सुखान नांदू दी रे म्हाराजा! त्येच्यार कसलो डाग पडू देव नको रे म्हाराजा!" आणि दर वेळी मागून "व्हय म्हाराजा!" कोण म्हणतंय म्हणून बघते, तर सिंक बघायला आलेलं कणकवलीकडचं जोडपं हातातला नळ ठेवून हात जोडून उभं. दारावरचा वॉचमन टोपी काढून आत आलेला, तो देवगडचा निघाला. आणि भावजी, काय सांगू, सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते ती मी! लहानपणापासूनची सवय, तोंडातून गेलं ते गेलं. पांढरा घरात नांदू दे याला मी स्वतः व्हय म्हाराजा म्हणून बसले.

नारळ फुटला तोही कसा, तर मधोमध, सारख्या दोन वाट्या. दगडाला ओरखडा नाही. चंद्रप्रकाशने विचारलं, हे काय होतं? मी सांगितलं, आमच्याकडे देवाला काही मागायचं तर असं चारचौघांत मोठ्याने मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याने हात जोडून खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि लगेच ऑर्डरचा कागद काढला. मी नवऱ्याचा हात धरून त्यांना बाहेर काढलं म्हणून सही राहिली.

तेव्हापासून घरात एकच वाक्य, "देवाक शब्द दिलेलो आसा." मी म्हटलं, तुमच्या गावच्या देवळात देव कुठल्या दगडाचा आहे? काळ्या. तेल, हळद, दही, मध, सगळं अंगावर घेऊन उभा आहे ना? त्याला कुणी पांढरा क्वार्ट्झ बसवला का? यावर म्हणतात, देवाची गोष्ट वेगळी. कशी वेगळी? देवाला आठवड्यातून एकदा अभिषेक, माझ्या ओट्याला दिवसातून तीनदा. मला राग आलाय भावजी, आणि तो उतरत नाहीये. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर रांधलं, हा माझा शेवटचा ओटा आहे. याच्यापुढे उभी राहून मी म्हातारी होणार. तिथे मला पाहुण्यासारखं हातभर लांब उभं राहायचं नाही, आणि मी राहणार नाही.

असो. अर्ज बराच कडक झाला. लहान तोंडी जास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला, आणि गुडघ्याला ते तेल लावा.

तुमची भावजय,
शुभा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. घरात गाऱ्हाणं घालायचा मान तुमचा, त्यामुळे त्यात तुमचा शब्द शेवटचा, हे यांनाही मान्य आहे. तेव्हा जेवणं झाल्यावर, हे आडवे व्हायच्या आत फोन करा आणि सांगा, की पायात शूज घालून, परक्याच्या दुकानात, विकत न घेतलेल्या दगडावर घातलेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. हे तुम्हाला कसं कळलं असं विचारतील. कणकवलीच्या जोडप्याने सांगितलं म्हणा. माझं नाव काढू नका.

ता. क. दुसरं : देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं जिवावर येत असेल तर राहू दे. पांढरा घरात नांदू दे एवढंच मागितलंय, कुठे ते मागितलेलं नाही. बाथरूममध्ये बेसिनखाली पांढरा लावतेय. रोज सकाळी तिथे दाढी यांनीच करायची आहे, डागही यांनीच पुसायचे. काळा मात्र गुरुवारी ओट्यावर बसला. फ्लॅटच्या कागदांवर पहिलं नाव माझं आहे ते हे विसरलेत, बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी विसरली नाही. त्यामुळे तुमचा फोन परवानगीसाठी नाही, यांचं मन राखायला आहे. तेवढं कराच. माणूस चांगला आहे.

ता. क. शेवटचं : पाकिटावर पिनकोड घालायचा म्हणून, हे अंघोळीला गेले तेव्हा जानकीवहिनींना फोन केला. बोलता बोलता विचारलं, वहिनी, तुमचा ओटा कसा आहे हो? त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, तुझ्या भावजींनी घर दुरुस्त केलं तेव्हा स्वतः उभं राहून करून घेतला. मी विचारलं, तुम्हाला कसा हवा होता?  त्यांनी लांबी सांगितली, रुंदी सांगितली, उंची चार बोटं वाढवायची म्हणाल्या, खिडकीकडचा कोपरा कुठे कापायचा तेही सांगितलं. भावजी, मोजायला त्यांनी फोनही खाली ठेवला नाही. सगळं तोंडपाठ होतं. मी लगेच घाटकोपरला फोन करून तसाच आणखी एक काळा दगड कापायला सांगितला. तुमचा टेम्पोने येतोय, उतरवायला चार माणसं बघून ठेवा.